व्याह्यांना बेसबॉल खेळाडूचा फ्रेम केलेला फोटो द्यायचाय, सही असलेलाच घ्यावा का?

तुमच्या मुलीचं सासर बॉस्टनचं, व्याही रेड सॉक्स संघाचे कट्टर चाहते, आणि लग्नात त्यांना सहीचा फोटो द्यावा असं तुमच्या मनात आहे. मी बरीच वर्षं बॉस्टनजवळ राहतो, असे फोटो दोन-चार जणांना दिलेत. माझं ऐकाल तर सहीच्या मागे लागू नका. प्रसंग नीट निवडा आणि वाचलेले पैसे फ्रेमवर घाला.

आमच्या शेजारच्या आजोबांना मी रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कचा फोटो दिला होता. १९७५ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, सहावा सामना, बारावी इनिंग (डाव). फिस्कने मारलेला चेंडू डावीकडच्या फाउल पोलच्या, म्हणजे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबाच्या दिशेने गेलाय आणि तो लांबूनच दोन्ही हातांनी चेंडूला हवेतल्या हवेत आत ढकलतोय. चेंडू पोलला लागला, म्हणजे हद्दीत धरला गेला, होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा) झाला, रेड सॉक्सने सामना जिंकला. (सिरीज मात्र सातव्या सामन्यात सिनसिनाटीने नेली.) आजोबांनी कागद सोडला, काचेवर फिस्कच्या हातांपाशी बोट टेकवलं, आणि त्या रात्री त्यांचे वडील खुर्चीतून कसे उठले ते सांगत बसले. त्या फोटोवर कुणाचीच सही नव्हती.

व्याही पन्नाशीतले असतील तर २००४ बघा. वर्ल्ड सिरीजच्या आधीची सात सामन्यांची मालिका, न्यूयॉर्कच्या यांकीज या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध रेड सॉक्स ०-३ ने मागे, चौथ्या सामन्याची नववी इनिंग, एक धाव कमी, आणि रेड सॉक्सच्या डेव्ह रॉबर्ट्सने सूर मारून दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका न लागताच पळून तो गाठला. तिथून सलग चार सामने जिंकले, मग वर्ल्ड सिरीजही, १९१८नंतर पहिल्यांदाच! जुना दिग्गज बेब रूथचं नाव मोठं म्हणून त्याचा फोटो घेऊ नका. तो आधी रेड सॉक्सचाच, पण १९१९च्या अखेरीस त्याला यांकीजला विकलं. यांकीजच्या गणवेशातला रूथ त्या घरात भिंतीवर लागणं कठीण.

तरीही सही हवीच असेल, तर मेजर लीगचं (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचं) होलोग्राम स्टिकर असलेलाच फोटो घ्या. ही पद्धत २००१पासून आहे. सही होताना लीगने नेमलेला माणूस समोर असतो आणि स्टिकरवरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. त्याआधी एफबीआयने खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या होत्या, त्यातूनच हे आलं. विक्रेत्याने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद. मी एकदा तसाच फसलोय. घरी येऊन फोटो दिव्याखाली तिरका धरला, तर शाईची वेगळी चमकच नाही. सही फोटोबरोबरच छापलेली होती.

फोटो ८ बाय १० इंचांचा घ्या आणि ११ बाय १४च्या फ्रेममध्ये माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून बसवा, म्हणजे तयार फ्रेम सहज मिळते. माउंट अ‍ॅसिड-फ्री सांगा, नाहीतर काही वर्षांनी कडा पिवळ्या पडतात. फोटो काचेला टेकता कामा नये, दमट हवेत चिकटतो. मागून गोंदाने डकवूही देऊ नका. काच यूव्ही थोपवणारी असेल तर उत्तम. आणि हे सगळं बॉस्टनलाच करून घ्या, बॅगेतून काच नेण्याचा घोर नको.

त्याआधी जावयांना फोन करून एवढंच विचारा, "बाबा कुठल्या सामन्याबद्दल सारखं बोलतात?" ते क्षणात सांगतील.