तळाशी सापडलेले ते खेकडे मेलेले नाहीत, कात आहे ती

तुम्ही लिहिलंय की भरवण्यासाठी, म्हणजे आत मांस भरेपर्यंत पाळण्यासाठी, पोकळ चिखली खेकडे तळ्यात सोडले, निम्मे गायब झाले आणि तळाशी ‘हलके, आतून रिकामे’ मेलेले खेकडे मिळाले. आणि विचारलंय, आता कोणतं औषध टाकू? कृपा करून काहीच टाकू नका. आधी त्यातला एक उचला आणि मागून बघा. पाठीचं कवच आणि पोटाची पट्टी यांच्यामध्ये फट असेल, डोळ्यांच्या आवरणापासून नांग्यांच्या टोकांपर्यंत सगळं जागच्या जागी असेल, तर ती कात आहे. खेकडा त्याच फटीतून मागे सरकत बाहेर पडला. अंग मऊ, नांगीत जोर नाही, अशा वेळी इतरांनी त्याला खाल्लं.

मी अशीच अखंड कवचं एका सल्ला कार्यालयात नेली होती. तिथल्या साहेबांनी ती उलटूनसुद्धा पाहिली नाहीत. रोग म्हणाले, पाण्याचा नमुना मागितला, अर्ज करायला लावला, औषध लिहून दिलं. इकडे रोज खेकडे कमी होत होते. सगळे एकाच आकाराचे आहेत का, लपायला जागा आहे का, एवढं विचारलं असतं तरी हंगाम वाचला असता! खेकडे पाळणाऱ्याला सल्ला देणाऱ्याने कात ओळखू नये, याचा मला आजही संताप येतो.

कांदळवनात खेकडा कात टाकायला बिळात, मुळांच्या आडोशाला जातो. उघड्या तळ्यात त्याला ती सोय नसते. पाइपांचे तुकडे, कौलं टाका, लहान-मोठे वेगळे करा. माझं ठाम मत विचाराल तर भरवायचे खेकडे एका डब्यात एकच. खर्च वाढतो, पण माल हाती राहतो. मी तज्ज्ञ नाही. आत मांस असलेले खेकडे खरोखर मरत असतील तर तपासणी कराच, कारण कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यांतही असू शकतो.

आणखी एक. 1998 पासून चिखली खेकड्यांच्या चार जाती मानतात. त्यातली ‘सिला सेराटा’ खूप मोठी होते, ‘ऑलिव्हेशिया’ लहानच राहते. कवचाच्या पुढच्या कडेवर डोळ्यांमध्ये असलेले दातांसारखे काटे उंच, टोकदार आणि नांगीच्या मनगटावर बाहेरून दोन ठळक काटे असले तर सेराटा. घेतानाच निवडा.

विकायची घाई मात्र नको. कवच काही दिवसांत टणक होतं, पण आत तेव्हा पाणीच असतं. मांस भरायला काही आठवडे लागतात. खालून, पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. दबलं तर परत डब्यात. या खेकड्याला मागणी आहे ती नांगीतल्या जाड, गोडसर मांसासाठी, आणि पाणचट खेकडा घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.