परदेशातली पहिली पुरणपोळी

होळी कामाच्या दिवशी आली तरी बेत रद्द करू नकोस. पुरण आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेव. साग्रसंगीत ताटाचा हट्ट यंदा नको. पोळी, कटाची आमटी, भात पुरे.

नवखे बहुतेक इथे चुकतात:
- सुपरमार्केटमधली पिवळ्या वाटाण्याची डाळ हरभऱ्याच्या डाळीसारखीच दिसते. पाकिटावरचं नाव वाचून घे.
- पुरण सैल ठेवतात. डाळ शिजली की पाणी पूर्ण निथळून (तोच कट, ओतून देऊ नकोस!) गूळ घाल आणि उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत आटव. गरम असतानाच वाट.
- कणीक घट्ट मळतात. पुरणाइतकीच मऊ हवी, तेलाचा हात लावून तासभर झाकून ठेव.

पहिल्या एक-दोन पोळ्या फुटतील. वरून तूप सोडून बिनधास्त वाढ.