कॉल दिला होता, पण ऐकला कुणी?

सातारा
रविवार, रात्री

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कराडला उतरताना बेसवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, शेवटचं वळण घेताना उजवीकडून, जवळजवळ तुझ्याच उंचीवर, दुसरं विमान आलं. तू वळण सोडलंस, बाजूला झालीस आणि पुन्हा सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा फेरा, घेऊन नीट उतरलीस. सोलोवर, विमानात एकटी असताना एवढं सुचलं, चांगलं झालं. सांगलीला घरी सांगायचं की नाही ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. पण शेवटी तू लिहिलंयस, "काका, मी तर कॉल दिला होता." हे पत्र त्या वाक्यासाठी.

रेडिओवर आपली जागा सांगणारा कॉल तू दिलास यात शंका नाही. तो कुणाच्या कानात शिरला, हे तुला माहीत आहे का? पसरणी घाटात वळणावर हॉर्न वाजवला म्हणून समोरची एसटी थांबली असं धरून कुणी गाडी घालत नाही. रेडिओचं बटण दाबलं की मात्र काम झालं असं वाटायला लागतं. विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरवर बसून मी वर्षानुवर्षं हे ऐकलं आहे, आणि असं वाटणाऱ्यांत नवशिके कमी, मुरलेलेच जास्त.

कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल इथे १८ ऑगस्ट २०२२ रोजी काय झालं ते नीट वाच. टॉवर नसलेलं विमानतळ. एक सेसना १५२ सर्किटमध्ये, दुसरं दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलवर येणारं, वेग सुमारे १८० नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल. दोघंही एकाच फ्रिक्वेन्सीवर होते आणि दोघंही कॉल देत होते. तरी धावपट्टीजवळ ती आदळली आणि तीन माणसं गेली. म्हणजे बोलणं कमी पडलं असं नाही. तो केवढ्या वेगाने येतोय, मी वळेपर्यंत तो कुठे पोचलेला असेल, हे चित्र ऐकलेल्या शब्दांवरून वेळेत उभं राहायला हवं होतं. तुझ्या प्रसंगाशी हे किती जुळतं बघ. त्या विमानाने दहा मैलांवरून कॉल दिला असणार. तो तू ऐकलास का? ऐकला असलास तर घड्याळ पाहिलंस का? १२० नॉटने येणारं विमान मिनिटाला दोन मैल तोडतं. पाच मिनिटांत ते तुझ्या अंगावर असणार, हा हिशोब डाउनविंडलाच, धावपट्टीला समांतर उलट दिशेने जातानाच, व्हायला हवा.

म्हणून मांडीवरच्या पॅडवर दुसऱ्यांचे कॉल लिहीत जा. नाव, दिशा, मैल, उंची, वेळ, बस. इंजिन सुरू करण्याआधी दोन-तीन मिनिटं नुसती फ्रिक्वेन्सी ऐक. कोण वर आहे ते कळल्याशिवाय टॅक्सी करायची घाई कशाला?

आता तुझ्या स्वतःच्या कॉलविषयी. कराडला उडणारी तुम्ही मुलं "आगाशिववर आहे", "संगमावर आहे" असं सांगता, असं तूच मागे म्हणाली होतीस. आपसात ते चालेल. पण बारामतीहून किंवा आणखी कुठून आलेल्या पायलटला आगाशिव कुठला आणि प्रीतिसंगम कुठला? त्याला धावपट्टीपासूनची दिशा, मैल आणि उंची सांग. उंची सांगताना दोघांच्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, एकच क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आकडा) लावलेला आहे ना, तेही बघ. कराडची जमीनच समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे. कुणी जमिनीपासूनचे १००० फूट सांगितले आणि कुणी समुद्रसपाटीपासूनचे २९००, तर एकाच थरात असूनही आपण वेगळे आहोत असं दोघांना वाटेल. खाली संस्थेचा माणूस रेडिओवर असला तरी तो माहिती देतो. दोन विमानांत अंतर राखणं त्याचं काम नाही.

दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर ऐकणाऱ्याला नुसती किंचाळी ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो. १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन विमानं आदळली, तेव्हा नेमक्या मोक्याच्या क्षणी दोन कॉल असे एकमेकांवर पडले. त्या अपघातात ५८३ माणसं गेली. कारणं इतरही होती, पण ते कॉल स्वच्छ पोचले असते तर शेवटची संधी होती. तेव्हा किंचाळी ऐकलीस की गप्प बसू नकोस, दोघांनाही पुन्हा बोलायला सांग.

टॉवर असला म्हणजे सुटलो, असंही नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ची हरियाणातली चरखी दादरीची हवेतली टक्कर तुझ्या जन्माआधीची. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं आणि समोरून सौदी विमान १४,००० वर येतंय हेही सांगितलं होतं. उत्तरही आलं होतं. पण त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. विमान १५,००० च्या खाली गेलं. ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली, पण तुझ्या सेसनात ती नाही. तुझ्याकडे डोळे आहेत.

डोळ्यांचाही हिशोब सांगतो. दिसणं, ओळखणं, धोका कळणं, निर्णय घेणं, हात हलणं आणि विमानाने वळणं, या सगळ्याला अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए मिळून साडेबारा सेकंद धरते. समोरासमोर शंभर-शंभर नॉटने येणारी दोन विमानं तेवढ्यात जवळजवळ १३०० मीटर कापतात. तेवढ्या अंतरावरचं सेसना हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाहूनही लहान दिसतं. शिवाय जे विमान खरोखर तुझ्यावर येणार आहे ते काचेत सरकतच नाही, एकाच जागी राहून मोठं होत जातं, आणि आपली नजर हलणारं तेवढं चटकन पकडते. म्हणून आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे कर आणि प्रत्येकावर सेकंदभर तरी नजर थांबव. तुझं सेसना वरच्या पंखाचं आहे, वळताना आतला पंख खाली येऊन नेमकी वळायची बाजू झाकतो. वळण्याआधी तो पंख जरासा उचलून बघायला शीक. ऊस तोडणीच्या दिवसांत पाचटाच्या धुराने सकाळी पुढचं धूसर दिसतं, तेव्हा जपशीलच. खरी ढिलाई स्वच्छ उन्हात होते, आणि अशा टकरी बहुतेक भर दिवसा, चांगल्या हवेत, विमानतळाच्या आसपासच होतात.

राहिला प्रश्न कळवायचा. दुसऱ्या विमानात तुझाच बॅचमेट होता म्हणून तू कचरते आहेस, हे कळलं. दोन विमानं अशी धोक्याइतकी जवळ येण्याला एअरप्रॉक्स म्हणतात आणि तो कळवायचाच असतो. आधी इन्स्ट्रक्टरना सांग, मग लेखी दे. चूक त्याची का तुझी हे त्यात लिहू नकोस, दोघांच्या जागा, उंच्या आणि वेळा लिही. त्यालाही त्याचं वेगळं लिहायला सांग. दोन कागद जुळले नाहीत तर जिथे जुळत नाहीत तिथूनच शिकायचं आहे. आज रात्रीच लिही, उद्यापर्यंत आठवण आपोआप आपल्या बाजूने झुकते. लिहिलंस की मला पाठव. इंग्रजी मी तपासणार नाही, वेळा तपासेन.

तुझा,
काका