कुलूप संदेशाला आहे, भोवतालच्या माहितीला नाही

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे अडकले की सदस्या आधार, रेशन कार्ड आणि पासबुकाचे फोटो ग्रुपवरच टाकतात आणि आमच्यातली एक जण ते संगणक केंद्रात पाठवते. संदेश एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे काळजी नको, असे माझा मुलगा म्हणतो. ते खरे आहे का? आणि या कंपन्यांकडून मराठीत माहिती मागण्याचा हक्क आम्हाला आहे का?
– एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील वैयक्तिक आणि ग्रुपमधील संदेश पाठवणारा व घेणारे यांच्याखेरीज कोणालाही, कंपनीलासुद्धा, वाचता येत नाहीत; यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. मात्र आपण ॲप केव्हा, किती वेळा आणि किती वेळ वापरता, फोन कोणता आहे, आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आपले ठिकाण साधारण कोठे आहे, ग्रुपचे नाव आणि चित्र काय आहे, ही माहिती कंपनी घेते, असे तिच्याच धोरणात लिहिलेले आहे. संपर्कयादी पाहण्याची परवानगी दिली की ज्यांनी हे ॲप कधी वापरलेले नाही अशा नातेवाइकांचे क्रमांकही त्यांना न विचारता तेथे पोहोचतात. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने मान्य करा नाहीतर सेवा सोडा अशा थाटाचे नवे धोरण आणले, तेव्हा त्याची चौकशी करून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपनी अपिलात गेली.

तरीही आपल्या गटाला अधिक मोठा धोका कंपनीपेक्षा सदस्यांच्या फोनमध्येच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रुपवर टाकलेला आधारचा फोटो, ऑटो-डाउनलोड चालू असल्यास, प्रत्येक सदस्येच्या गॅलरीत आपोआप उतरतो. तोच फोन घरातली मुले हाताळतात, दुरुस्तीच्या दुकानात स्क्रीन-लॉकच्या आकड्यासह दिला जातो आणि जुना झाला की विकलाही जातो. ‘सर्वांसाठी हटवा’ ही सोय ठरावीक मुदतीपुरतीच असून पुढे पाठवलेल्या प्रती तिने नाहीशा होत नाहीत. शिवाय गूगल किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपचे एन्क्रिप्शन आपल्याला सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावे लागते. म्हणून कागद ग्रुपवर टाकणे आजपासूनच बंद करावे; शक्य तेथे मूळ कागद घेऊन स्वतः केंद्रात जावे. जेथे चालत असेल तेथे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे, ज्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. ओटीपी मात्र केंद्रचालक ओळखीचा असला तरी ग्रुपवर लिहू नये. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता हक्काविषयी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या परिशिष्टात मराठी आहे. सीमाभागात मराठीतून कागद मिळावा म्हणून किती अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या हे आपण जाणताच; येथे तो पर्याय केंद्राच्या कायद्यातच असल्याने महाराष्ट्रातल्या चंदगडला जो हक्क, तोच खानापूरलाही आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्कही त्यात आहे. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यापासून १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतील, म्हणून हे हक्कही प्रत्यक्षात तेव्हापासूनच बजावता येतील.

प्रश्न : मग आमच्या संघाने टेलिग्रामवर जावे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : केवळ सुरक्षिततेसाठी जात असाल, तर जाऊ नये. टेलिग्रामवरील नेहमीचे संभाषण कंपनीच्या सर्व्हरवर साठते आणि संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन केवळ दोघांमधील ‘सीक्रेट चॅट’मध्येच असते. ग्रुपमधील संदेशांना ती सोय नाही, त्यामुळे सभासदांची वर्गणी आणि कर्जाचे हिशेब तेथे ठेवू नयेत.