गॅस, जर्मनी, शेत... आणि मुलगी?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. सौर आणि पवन विजेपासून कृत्रिम नैसर्गिक गॅस बनवून साठवतात, त्यातच पुढे स्कोप आहे. त्याची डिग्री करायला तिला बारावीनंतर लगेच जर्मनीला पाठवायचं आम्ही ठरवलंय. एजंटला पैसे द्यायचेत, त्यासाठी शेत गहाण ठेवतोय. तिला केमिस्ट्री आवडते. पण ती घरात फारसं बोलत नाही. कोणता कोर्स घ्यावा?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी एजंटचे पैसे थांबवा.

तुमच्या पत्रात मुलगी आली ती अगदी शेवटी, आणि तीही 'फारसं बोलत नाही' एवढ्यापुरती. बापाने शेत गहाण टाकायला काढल्यावर ती काय बोलणार? उद्या तिथे विषय झेपला नाही, तर कोणत्या तोंडाने परत येईल ती? हे ओझं कर्जाच्या हप्त्यापेक्षा जड असतं आणि ते तुम्ही आत्ताच तिच्या डोक्यावर ठेवलंय.

आता 'त्याची डिग्री'. विजेने पाण्यातला हायड्रोजन वेगळा काढायचा, निकेलच्या कॅटॅलिस्टवर (अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावर) ३००-४०० अंशांना त्याची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालायची, की मिथेन, म्हणजे नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक, तयार. ही अभिक्रिया ज्यांच्या नावाने ओळखतात, त्या पॉल साबातिए यांना १९१२ साली नोबेल मिळालं. जर्मनीत वेर्ल्टे इथे ऑडी या मोटार कंपनीने २०१३ मध्ये ६ मेगावॉटचा प्रकल्प सुरू केला. कार्बन डायऑक्साइड शेजारच्या बायोगॅस प्लांटमधून घेतला. पण प्रत्येक पायरीला ऊर्जा गळते. त्या गॅसपासून पुन्हा वीज केली, तर मूळ विजेचा साधारण तिसरा हिस्सा हाती लागतो. दुपारची वीज संध्याकाळी वापरायला बॅटरी बरी. उन्हाळ्यातली हिवाळ्यासाठी ठेवायची, तिथे हा गॅस कामाचा. म्हणजे उपयोग आहे, पण मोजका. अशा प्लांटवर केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलचेच इंजिनिअर लागतात. सतराव्या वर्षी एवढ्या अरुंद विषयाला बांधून घ्यायची गरज काय?

केमिस्ट्री खरंच आवडत असेल, तर सीईटी-जेईई देऊन इथेच केमिकल इंजिनिअरिंग; माटुंग्याची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, पहिली पसंती. साधं बीएस्सी केमिस्ट्रीही वाईट नाही. जर्मनीला मास्टर्ससाठी जाता येतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र असतो.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.