‘अश्लील’ की ‘चावट’?

नाशिकच्या एका वाचकमंडळात १९६३चा ‘टॉम जोन्स’ हा इंग्रजी चित्रपट दाखवायचा असून, परिचयपत्रकात ‘अभिजात कादंबरीवरील अश्लील विनोदी चित्रपट’ असे लिहावे का, असे तेथील एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते येथे ‘चावट’ हाच शब्द हवा.

‘अश्लील’ हा शब्द वर्णन करत नाही, निवाडा देतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलत्व काव्यदोषांत घातले आणि लाज, किळस किंवा अमंगळ सुचवणारे असे त्याचे तीन प्रकार केले, आज कायद्यातही तो शब्द गुन्ह्याच्याच संदर्भात येतो. हेन्री फील्डिंगच्या १७४९च्या मूळ कादंबरीवर असा निवाडा झालाही होता. फील्डिंगचा समकालीन समीक्षक सॅम्युएल जॉन्सनने ती भ्रष्ट ठरवली, तर पुढे इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने तिचे कथानक सर्वांत परिपूर्ण अशा तीन कथानकांत गणले. जॉन्सनचे मत सांगताना ‘अश्लील’ खुशाल वापरावा. चित्रपटाच्या वाट्याला मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपट, टोनी रिचर्डसनचे दिग्दर्शन, जॉन ऑस्बोर्नची पटकथा आणि संगीत असे चार ऑस्कर आले.

त्यातला खाणावळीचा प्रसंग पाहावा. टॉम आणि मिसेस वॉटर्स समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत नुसते जेवतात. एक शब्द बोलत नाहीत, तरी त्यांच्या मनातले सगळे प्रेक्षकाला कळते आणि तो हसत राहतो. या हसण्याला मराठीत ‘चावटपणा’ म्हणतात. जुन्या मराठीत ‘चावटी’ म्हणजे बडबड. पुढे त्यात आगाऊपणा आला आणि मग शृंगाराची छटा. तरीही शब्दातला लाडिकपणा गेला नाही, म्हणूनच गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, पाण्यात दंगा करणाऱ्या नातवाला आजी ‘चावट कुठला!’ म्हणू शकते. दोष दिसतो, पण माया सुटत नाही, हीच फील्डिंगची टॉमकडे पाहण्याची दृष्टी आहे.

‘शृंगारिक’ लावणीला शोभतो, पण त्यात हसू येत नाही. ‘पाचकळ’ हा फसलेल्या विनोदासाठी राखावा.

एक काळजी मात्र घ्यावी. ‘चावट चित्रपट’ या जोडीला आज वेगळाच, बाजारू अर्थ चिकटला आहे. म्हणून विशेषण चित्रपटाला न लावता विनोदाला लावावे आणि पत्रकात ‘अभिजात कादंबरीवरील, चावट विनोदाचा चित्रपट’ असे छापावे.