पगारवाढ पंचवीस हजारांची, हातात दहाच

प्रश्न: डॅलसजवळ अर्व्हिंगला राहतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पगार १,३०,००० डॉलर. पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, सध्या घरीच. मुलगी तीन वर्षांची, इथेच जन्मलेली. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या एका कंपनीने १,५५,००० देऊ केलेत, वर २०,००० जॉइनिंग बोनस. महिन्याला दोन हजार वाढतील. आत्ता भाडं १,७५० आहे, सनीव्हेलला तसंच घर ३,३०० ला मिळतंय. म्हणजे भाडं देऊनही पाचशे उरतात. सोमवारी होकार कळवू का?

उत्तर: सोमवारी होकार देऊ नका.

तुम्ही २५,००० ला बाराने भागलंत आणि दोन हजार काढलेत. त्यात कर कुठेच नाही. आपल्याकडच्या माणसाची ही चूक मला अगदी समजते. महाराष्ट्रात नोकरी करताना राज्याचा कर म्हणजे व्यवसाय कर, महिन्याचे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. स्लिपवर तो दिसतो न दिसतो. पुढे तुम्ही थेट टेक्ससला आलात, तिथे राज्याचा प्राप्तिकरच नाही. त्यामुळे पगारावर दोन सरकारं कर लावतात, हे तुम्ही कधी अनुभवलेलंच नाही.

२०२५ च्या दरांनी हिशेब करू. दोघांचं रिटर्न एकत्र, आरोग्यविमा आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीची बचत, दोन्हीकडे बाजूला ठेवू. आज १,३०,००० मधून ३१,५०० ची स्टँडर्ड वजावट गेली की ९८,५०० करपात्र उरतात. त्यावर फेडरल, म्हणजे केंद्राचा, कर ११,४९८. मुलीसाठी करातून थेट मिळणारी २,२०० ची सूट (क्रेडिट) वजा जाता ९,२९८. सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) मिळून ७.६५ टक्के, म्हणजे ९,९४५. हातात वर्षाला सुमारे १,१०,७५०.

सॅन होजेत फेडरल कर १४,७९८ होतो, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर ११,८५८. मग कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर, साधारण साडेपाच हजार. शिवाय पेस्टबवर, म्हणजे पगाराच्या स्लिपवर, ‘सीए एसडीआय’ (राज्याचा अपंगत्व विमा) अशी एक ओळ येईल: १.२ टक्के, पूर्ण पगारावर, म्हणजे १,८६०. तिला २०२४ पासून वरची मर्यादाच उरलेली नाही. सगळं जाऊन हातात सुमारे १,२१,०००.

म्हणजे वाढ २५,००० ची आणि हातात येतात १०,२००. महिन्याला साडेआठशे. एवढा फरक कसा, तर फेडरल कर फक्त वाढीव रकमेवर वाढतो, पण कॅलिफोर्नियाचा कर तुमच्या जुन्या १,३०,००० वरही नव्याने लागतो. त्या पैशावर आजवर राज्याने एक डॉलरही घेतलेला नाही. स्लॅबकडे बघून हे लक्षात येत नाही, म्हणून पूर्ण पगाराचा हिशेब दोन्ही राज्यांत मांडावा लागतो.

भाडं १,५५० ने वाढतंय. साडेआठशे येणार आणि दीड हजारावर जाणार, म्हणजे दरमहा सातशे खिशातून. चेक दर दोन आठवड्यांनी असेल तर वर्षाला २६ चेक. दहा महिने दोनच चेकवर काढायचे असतात आणि तिसरा चेक वर्षातून दोनदाच येतो. तेव्हा घरखर्च दोन चेकचे ९,३०० धरून बसवा. वर्षाचे पैसे बाराने भागून येणारे १०,०८० ही नुसती सरासरी आहे.

जॉइनिंग बोनसमुळे पहिलं वर्ष बरं वाटेल. त्यावर फेडरल २२ टक्के, राज्याचे १०.२३ टक्के आणि बाकीची कापाकापी होऊन २०,००० चे सुमारे ११,८०० हाती पडतील. राज्याने जास्त कापलेलं थोडंफार रिटर्न भरल्यावर परत येतं. पण हे पैसे एकदाच येतात, भाडं दर महिन्याला द्यायचं आहे. ऑफर लेटरमध्ये एक कलम जरूर शोधा: वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत करायचा का, आणि तो पूर्ण २०,००० की हातात आलेला? पूर्ण लिहिला असेल तर बदलून मागा.

पुण्यात तुमच्या नावाने एनआरओ एफडी (भारतातल्या कमाईची अनिवासी ठेव) आहे, असं तुम्ही तळटीपेत लिहिलंय. तिच्या व्याजावर भारतात कापलेल्या कराचं क्रेडिट फेडरल रिटर्नमध्ये मिळतं. कॅलिफोर्निया ते देत नाही, त्याच व्याजावर आपला कर वेगळा घेते. एनआरई ठेवीचं (परदेशातून पाठवलेल्या पैशाच्या ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असलं, तरी अमेरिकेत दोन्ही पातळ्यांवर करपात्र आहे.

मग किती मागायचे? दरमहाच्या त्या सातशेचे वर्षाला आणखी ८,४०० हातात पडले तर तुम्ही आज आहात तिथेच राहता. या टप्प्यावर वाढीव शंभरातले साठच हातात येतात, म्हणजे पगार आणखी १४,००० ने वाढायला हवा. एकूण १,६९,०००, तेही नुसती बरोबरी साधायला. कंपनीला १,७५,००० सांगा आणि १,७०,००० च्या खाली उतरू नका.

एका गोष्टीने माझं मत बदलेल. तुमचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, म्हणजे पत्नींना एच-४ ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, घेऊन नोकरी करता येते. त्या पुण्यात सहा वर्षं टेस्टिंगमध्ये होत्या, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंय. मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. त्यांच्या कामाला बे एरियात जास्त वाव आहे असं त्यांना स्वतःला वाटत असेल, तर दोन पगारांचा आणि मुलीच्या डेकेअरचा हिशेब वेगळा मांडू. नव्या कंपनीत पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाची पहिली पायरी, पुन्हा करावं लागेल. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख, टिकते, तरी वकिलाशी एकदा बोलून घ्या.

रविवारी दोघं मिळून बसा. सोमवारी एचआरला फक्त १,७५,००० चा आकडा कळवा आणि उत्तरासाठी आठवडाभराची मुदत मागून घ्या.